बसमधून न उतरलेला माणूस

नव्वदच्या दशकात बंगळूरला इंदिरानगर आणि आजूबाजूला राहणाऱ्या आम्हा अकरा मराठी घरांचं एक हस्तलिखित मासिक होतं. प्रत एकच. ती कापडी पिशवीतून घरोघरी फिरायची, प्रत्येक घरी दोन-तीन दिवस मुक्काम करायची, आणि शेवटच्या कोऱ्या पानांवर वाचणाऱ्याने अभिप्राय लिहायचा असा नियम होता. बहुतेक अभिप्राय 'छान' किंवा 'फारच छान' असे असायचे, कारण ज्याचं वाचलं तो रविवारी समोर भेटणार असायचा. मी त्यात विज्ञानकथा लिहायचो. माझी शेवटची कथा समांतर विश्वांची होती आणि तिच्यात एक गुप्तहेरही होता. तिचे तीन भाग निघाले, चौथा मी लिहिलाच नाही. अजून कुणाच्या लग्नामुंजीत जुनी मंडळी भेटली की विचारतात, "त्या बसमधल्या माणसाचं पुढे काय झालं हो?" मी सांगतो, विसरलो. हे खोटं आहे. आणि त्याच्या मागे जे दुसरं खोटं आहे, ते आज लिहून टाकायचं म्हणून बसलोय.

माझी नोकरी सरकारी कारखान्यात, तपासणी विभागात. आमचे बरेच सुटे भाग बाहेरचे छोटे कारखानदार बनवून द्यायचे. त्यांच्या शेडमध्ये जाऊन ते मोजायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर लाल रंगाचा फराटा ओढायचा, हे माझं काम. दोष टिपायची सवय डोळ्यांना अशी लागली होती की कुणाच्या घरी गेलो तरी दाराची बिजागरी कुठे दबलीय ते आधी दिसायचं. बायको म्हणायची, "तुम्हाला माणसं दिसतच नाहीत, नुसत्या फटी दिसतात." चेष्टेत म्हणायची, पण तिचं फारसं चुकत नव्हतं.

माझा एक मित्र त्याच कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होता. सांगलीकडचा. कमी बोलणारा, पेन्सिलीला टोक काढण्यात पाच मिनिटं घालवणारा. त्याचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो, त्या मला भाऊजी. त्यांना मूलबाळ नव्हतं. वहिनींचं अक्षर इतकं देखणं होतं की आमच्या मासिकाची पक्की प्रत काढायचं काम पहिल्या अंकापासून त्यांच्याकडेच होतं. सगळ्यांचे कागद त्यांच्याकडे जायचे आणि त्या शाईने ते उतरवून काढायच्या. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे करायच्या नाहीत. माझं शुद्धलेखन भयंकर. त्या चुकीच्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक टिंब देऊन मला विचारायला यायच्या, पण मी हो म्हटल्याशिवाय बदलायच्या नाहीत. "लिहिणारे तुम्ही, मी कोण सुधारणारी?" असं म्हणायच्या.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी माझा मित्र कामावरून घरी आला नाही. शनिवारी अर्धा दिवस काम असायचं आणि परतताना कंपनीची बस नसायची, म्हणून तो कारखान्याजवळच्या महादेवपुऱ्याच्या स्टॉपवरून सिटी बसमध्ये चढला. आमच्याच विभागातल्या दोघांनी त्याला चढताना पाहिलं. इंदिरानगरला तो उतरला नाही. संध्याकाळी आम्ही इस्पितळं पालथी घातली, दुसऱ्या दिवशी पोलिसात गेलो. पोलिसांनी विचारलं, भांडण? कर्ज? बाई? सगळ्याला वहिनींचं उत्तर नाही असं होतं, आणि माझंही. घरमालकीण अक्का रोज सकाळी दारात येऊन "बर्तारे, बर्तारे, येणार ते" म्हणायच्या आणि तांब्याभर दूध ठेवून जायच्या. माझी बायको रोज डबा घेऊन जायची. वहिनींचे भाऊ सांगलीहून आले, चला म्हणाले. त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, "हे आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?" मासिकाच्या मंडळींनी ठरवलं की पक्की प्रत काढायचं काम त्यांच्याकडेच राहू द्यायचं, तेवढंच मन रमेल. ऑक्टोबरच्या अंकात त्यांचं अक्षर पूर्वीइतकंच सरळ होतं. मला ते पाहून भडभडून आलं होतं.

नोव्हेंबरात मला बोम्मसंद्र्याला एका नव्या कारखानदाराकडे माल तपासायला पाठवलं. होसूर रोडवरची पत्र्याची शेड, चार लेथ, दोन ड्रिलिंग मशिनं, बाहेर चहाची टपरी. मी व्हर्निअर काढून बुशिंगं मोजत होतो आणि मालक आत ओरडला, "मास्तर, ड्रॉइंग तगोंड बन्नी!" म्हणजे ड्रॉइंग घेऊन या. आतून गुंडाळी हातात धरून माझा मित्र आला.

त्याने गुंडाळी टेबलावर ठेवली आणि चहाला चला अशी मानेनेच खूण केली. टपरीवर उभे राहिल्यावर मी पहिलं काय केलं असेल, तर त्याला नीट पाहून घेतलं, मालाचा नमुना पाहावा तसं. मिशी काढलेली. वजन उतरलेलं. अंगात बाटलीच्या हिरव्या रंगाचा हातविणीचा स्वेटर, डाव्या बाहीचा मनगटाजवळचा तीन बोटं पट्टा वेगळ्या हिरव्याचा. लोकर संपली असणार आणि दुसऱ्या गुंड्याचा रंग जुळला नसणार. हे सगळं मला दिसलं आणि लक्षात राहिलं. तो जिवंत आहे याचा आनंद त्याच्या नंतर झाला, याची मला आज लाज वाटते.

"वहिनींची काय अवस्था आहे ते माहितीये का तुला?" मी विचारलं.

"असणार."

"का केलंस असं? कुणी आहे का दुसरं?"

"नाही रे. कुणी नाही." तो ग्लासातल्या चहाकडे बघत म्हणाला. "तिचं काही चुकलेलं नाही. माझ्याच मनात काही शिल्लक राहिलं नव्हतं. इंदिरानगरचा स्टॉप आला, पिशवी उचलली, आणि उठलोच नाही. कंडक्टर आला, तर त्याला म्हटलं, मॅजेस्टिक. तिथल्या मोठ्या स्टँडवर होसूर रोडची बस दिसली, चढलो. ठरवून काही केलं नाही."

मी त्याला शिव्या घातल्या. त्याने ऐकून घेतल्या. मग म्हणाला, "तिला सांगितलंस तर मी इथूनही जाईन. मग तुलाही सापडणार नाही. शपथ घे." आणि मी घेतली. चहाच्या टपरीवर, त्याच्या गळ्याला हात लावून. तेव्हा मला वाटलं की मी दोघांचंही भलं करतोय. निदान एकाला तरी कळतंय की तो कुठे आहे, हळूहळू समजावू, स्वतःहून परत येईल. त्या दिवशीचा माल मी अर्धाच मोजला आणि सगळ्यावर शिक्का मारला.

घरी आल्यावर बायकोलाही सांगितलं नाही. ती डबा भरत होती. मी म्हटलं, आज लोणचं जास्त घाल, वहिनींना आवडतं. एवढीच माझी धाव.

डिसेंबरात पोलिसांचा निरोप आला. एका तळ्याजवळ एका माणसाचं प्रेत सापडलं होतं, उंची-वय जुळत होतं, ओळख पटवायला या. वहिनींचे भाऊ सांगलीला. माझी बायको मला म्हणाली, "त्या एकट्या कशा जातील? तुम्ही जा." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. नाही म्हणायला कारण काय सांगणार होतो?

सरकारी इस्पितळाच्या मागच्या बाजूला ती खोली होती. सकाळची दहाची वेळ, स्वच्छ ऊन. हवालदाराने रजिस्टर पुढे केलं. वहिनींनी सही केली, तीसुद्धा नेहमीसारखी सुबक. दारापाशी त्यांचे पाय थांबले. तिथे मी बोलू शकलो असतो. नुसतं एवढंच म्हणायचं होतं, वहिनी, आत जाऊ नका, तो नाही. पण त्यापुढचा प्रश्न मला ठाऊक होता, तुम्हाला कसं माहीत? मी काय म्हणालो, तर "चला वहिनी, मी आहे ना." त्यांनी माझ्या शर्टाची बाही घट्ट धरली आणि आम्ही आत गेलो.

त्यांनी चेहऱ्यावर वेळ घालवला नाही. चेहऱ्याचं फारसं काही उरलं नव्हतं. त्या पायांकडे गेल्या. बोटं, नखं, घोटे, सगळं बघितलं. पुन्हा बघितलं. मी भिंतीकडे बघत उभा होतो, मला माहीत असलेलं उत्तर त्या शोधत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे नाहीत." बाहेर येऊन पायरीवर बसल्या आणि त्यांचे दात वाजायला लागले, इतके की त्यांना पाण्याचा ग्लास तोंडाला लावता येईना. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण कुणाचा तरी असेल ना हो तो." मी म्हटलं, असेल. रिक्षात त्यांनी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले होते. माझ्या बाहीला त्यांच्या मुठीची चुण्यांची खूण घरी येईपर्यंत होती.

त्यानंतर मला नीट जेवण जाईना. जानेवारीत बोम्मसंद्र्याला गेलो तेव्हा मित्राला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "रडली का?" मी हो म्हटलं. तो उठून लेथवर गेला. मला वाटलं, आता काहीतरी करायलाच हवं. आणि माझ्या भित्र्या डोक्यातून काय निघालं, तर कथा.

कल्पना मला फार हुशारीची वाटली होती. शपथ तर मोडायची नाही, पण वहिनींना धीर मिळाला पाहिजे. तर एक गुप्तहेर घ्यायचा. त्याच्याकडे एक बाई येते. तिचा नवरा बसमध्ये चढला, चढताना लोकांनी पाहिला, उतरताना कुणीच नाही. गुप्तहेर कंडक्टरकडची तिकिटं तपासतो आणि त्याला एकाच क्रमांकाची दोन तिकिटं मिळतात, एक इंदिरानगरचं, एक मॅजेस्टिकचं. मशिनने छापलेला एकच क्रमांक दोनदा येणं शक्य नाही. म्हणजे त्या स्टॉपवर जगाचे दोन फाटे फुटले. एका विश्वात माणूस उतरला, दुसऱ्यात बसून राहिला. गोंधळ एवढाच झाला की घर या विश्वात राहिलं आणि माणूस त्या विश्वातला निघाला. दुसऱ्या भागात गुप्तहेर त्याच सीटवर बसतो, स्टॉपवर उतरत नाही, आणि पलीकडच्या बंगळूरात पोचतो. तिथे सगळं असंच, फक्त रस्त्यावरची मोठी झाडं दुसऱ्या बाजूला आणि गुप्तहेराच्या ऑफिसात एक दातांचा डॉक्टर बसलेला. आणि एक नियम मी घालून ठेवला होता की पलीकडच्या माणसाला ओढून आणता येत नाही, तो आपणहून आला तरच येतो. तो नियम विज्ञानाचा नव्हता. माझ्या सोयीचा होता.

मंडळींनी डोक्यावर घेतलं. अभिप्रायाच्या पानांवर पहिल्यांदाच 'छान'च्या पुढे मजकूर आला. 'वैज्ञानिक बैठक पक्की', 'पुढच्या भागाची वाट पाहत आहोत', 'आपल्या महादेवपुऱ्याच्या बसला हा मान मिळाल्याबद्दल अभिनंदन'. कुणीतरी मला बाजूला घेऊन म्हणालंसुद्धा, "अहो, पण वहिनींना वाईट नाही का वाटणार? त्यांच्याच घरचं झालंय हे." मी गंभीर चेहरा करून म्हटलं की उलट त्यांना आधार वाटेल. त्यांनी दोन्ही भाग न बोलता उतरवून काढले होते. पेन्सिलीचं एकही टिंब नव्हतं. मी त्याचा अर्थ माझ्या फायद्याचा लावला. खरं सांगायचं, तर तोवर मला वहिनींच्या धीरापेक्षा त्या कौतुकाची जास्त ओढ लागली होती.

तिसऱ्या भागात गुप्तहेराला तो माणूस दिसतो. तो दिसतो कसा हे लिहायची वेळ आली तेव्हा मी काही बनवायच्या भानगडीत पडलोच नाही. समोर होतं तेच उतरवलं. चहाची टपरी, हातातला ग्लास, बाटलीच्या हिरव्या रंगाचा स्वेटर, डाव्या बाहीचा तीन बोटं पट्टा वेगळ्या हिरव्याचा. मोजून मापून लिहिलेलं वाक्य. मला त्याचा अभिमान वाटला होता. मार्चच्या मध्याला ते कागद वहिनींकडे दिले आणि कच्चं लिखाण खिशात घालून बोम्मसंद्र्याला गेलो. मित्राला म्हटलं, बघ, तुझ्यावर लिहिलंय. माझ्या आत तेव्हा लेखक नाचत होता.

त्याने टपरीच्या बाकावर बसून सगळं वाचलं. कागद घडी करून परत दिला. "स्वेटर काढ यातून," म्हणाला.

"का? छान उतरलाय तो."

"काढ."

"आता कसा काढू, पक्की प्रत लिहायला दिलीय."

"कुणाला?" त्याने विचारलं, आणि लगेच त्यालाच उत्तर सुचलं असावं. त्याने चहाचा ग्लास अर्धा तसाच ठेवला आणि शेडमध्ये गेला. मला वाटलं, आपण गरीब दिसतो याची त्याला लाज वाटली. माणसं न दिसता फटी दिसणाऱ्याला दुसरं काय वाटणार?

पुढच्या रविवारी सकाळी वहिनी आमच्याकडे आल्या. बायको भाजी आणायला गेली होती. त्यांच्या हातात माझे तिसऱ्या भागाचे कागद होते. उभ्यानेच त्यांनी एक ओळ दाखवली. खाली पेन्सिलीचं टिंब होतं.

"इथे काही चुकलंय का वहिनी?" मी विचारलं.

"नाही. शुद्ध आहे," त्या म्हणाल्या. "मला एवढंच विचारायचंय की हा स्वेटर तुम्ही कुठे पाहिलात?"

मी म्हटलं, असाच सुचला, रंग डोळ्यांपुढे आला. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग खुर्चीवर बसल्या आणि अगदी सावकाश, मला हिशेब समजावून सांगावा तशा बोलल्या. "हा मी विणलाय भाऊजी. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. लोकर कमी पडली. त्यांनी तो बाहेर कधीच घातला नाही, बाही हसण्यासारखी दिसते म्हणायचे. तुमच्या कुणाच्या नजरेला पडायचा प्रश्नच नाही. तो पलंगाखालच्या ट्रंकेत असायचा. डिसेंबरात मी ट्रंक उघडली तेव्हा त्यात नव्हता."



"मी कुणाला सांगितलं नाही," त्या पुढे म्हणाल्या. "पोलिसांना नाही, भावाला नाही, तुमच्या घरीही नाही. सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, ठरवून गेलाय, आता कशाला शोधायचं? ऑगस्टात कुणी ट्रंकेतून स्वेटर काढतं का? तुमच्या गोष्टीत स्टॉपवर फाटा फुटतो. तसं झालेलं नाही. ती ट्रंक काढायला पलंग सरकवावा लागतो, वरच्या दोन गाद्या उचलाव्या लागतात. तुमचं दुसरं विश्व आमच्या पलंगाखालून सुरू होतं."

दोन महिने मी एक गुप्तहेर रंगवत होतो. खरं काम या बाईंनी केलं होतं, एकटीने, माझंच लिखाण सुंदर अक्षरात उतरवता उतरवता. मित्र मला 'ठरवून काही केलं नाही' म्हणाला होता, त्यावर मी विश्वास ठेवला होता आणि त्यावर अख्खं विश्व उभं केलं होतं.

"आहेत ना हे?" वहिनींनी विचारलं. आवाज पहिल्यांदाच हलला.

"आहेत," मी म्हटलं. "बोम्मसंद्र्याला."

त्या रडल्या नाहीत. चेहऱ्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "मला त्यांना परत आणायचं नाहीये. एकदा समोर उभं राहून विचारायचंय, की मला सांगून का नाही गेलात. त्याचं उत्तर मिळालं की मी सांगलीला जाईन. दाराला कुलूप लावता येईल मला. उद्या कुठली बस धरायची ते सांगा."

मी म्हटलं, मीही येतो. सोमवारी रजा टाकली. वहिनींनी निळी साडी नेसली होती, केस नीट बांधले होते. दोन बसेस बदलून आम्ही होसूर रोडला लागलो. त्या खिडकीतून एकटक बाहेर बघत होत्या, ओठ हलत होते. वाक्य पाठ करत असाव्यात. मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून मनात प्रार्थना करत होतो, आणि कशासाठी, हे मला अजून सांगता येत नाही. त्याने भेटावं म्हणून की भेटू नये म्हणून.

शेडचा मालक मला पाहून बाहेर आला. "बन्नी सार, इवत्तु इन्स्पेक्शन इल्लवल्ला?" आज तर तपासणी नाही ना, असं त्याला म्हणायचं होतं. मी मास्तरांबद्दल विचारलं. तो म्हणाला, "होगबिट्रु सार." निघून गेला. आठ-दहा दिवस झाले. हिशेब पुरा करायलाही थांबला नाही. पत्ता? "गोत्तिल्ला." माहीत नाही. मग वहिनींकडे बघून, त्यांना आपली अडचण कळावी म्हणून तो आपल्या मोडक्या हिंदीत बोलला, "साहब से पूछो. साहब तो हर महीने आता है, मास्टर के साथ चाय पीता है."

वहिनी त्या पत्र्याच्या दारात उभ्या राहिल्या. आतला लेथ चालू होता. त्यांनी आत एकदा नजर फिरवली, टेबल, स्टूल, भिंतीवरच्या खिळ्याला लावलेलं कुणाचं तरी ॲप्रन. मग मालकाला नमस्कार केला आणि "सरी", म्हणजे बरं, असं म्हणाल्या, बाजारात भाजीवाल्याला म्हणतात तितक्या साधेपणाने. नोव्हेंबरात मी तोंड उघडलं असतं, तर त्या त्याच दारात त्याच्यासमोर उभ्या राहिल्या असत्या. मार्चमध्ये तो कागद मित्राला दाखवायची फुशारकी मी आवरली असती, तरीही राहिल्या असत्या. त्यांचा प्रश्न तसाच परत निघाला होता आणि तो आता कुणाला विचारायचा हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. समोर बघतच त्यांनी विचारलं, "भाऊजी, तुम्ही यांना पहिल्यांदा कधी पाहिलंत?"

हे विचारणार हे मला शेडपासून ठाऊक होतं. मी तयार होतो. रहस्यकथा लिहिणाऱ्याला तारखा जुळवायला किती वेळ लागतो? "फेब्रुवारीत," मी म्हणालो. "मालक म्हणतो तसं दर महिन्याला येतो मी, पण आधी ते आतल्या बाजूला असायचे. फेब्रुवारीत अचानक समोर आले. त्यांनी शपथ घातली, म्हणून बोललो नाही. माफ करा वहिनी."

"फेब्रुवारीत," त्या म्हणाल्या. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी मागे-पुढे लावून पाहिलं असावं. मग त्यांचा चेहरा सैल झाला. गेल्या आठ महिन्यांत तो तसा झालेला मी पाहिला नव्हता. त्या माझ्याकडे वळल्या.

"म्हणजे इस्पितळात गेलो तेव्हा तुम्हालाही माहीत नव्हतं. बरं झालं. सकाळपासून मला तेवढीच भीती वाटत होती." त्यांनी डोळे पुसले. "माझ्या सख्ख्या भावाने केलं नसतं भाऊजी. त्या दिवशी तुम्ही बरोबर होतात म्हणून मी आत जाऊ शकले. तेवढं मी जन्मभर विसरणार नाही."

मी म्हणालो, "त्यात काय, वहिनी."